डावा पाय पुढे

ट्रॅमने अचानक ब्रेक मारला आणि माझा डावा पाय पुढे पडला. झालं ते एवढंच. मेलबर्नच्या सिडनी रोडवर कुणीतरी मोटार आडवी घातली असणार. ड्रायव्हरने घंटा बडवली, शेजारच्या म्हाताऱ्याच्या पिशवीतले जर्दाळू डबाभर घरंगळले आणि लोक वाकून वाकून ते गोळा करू लागले. मीही एक उचलला आणि तो हातात धरून स्वतःच्या पायाकडे बघत उभी राहिले. डिसेंबरचा उकाडा, घामाने निसरडी झालेली सँडल, डावा पाय पुढे, गुडघा वाकलेला, उजवा मागे घट्ट रोवलेला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्याचं त्यानेच ठरवलं होतं. आणि तेवढ्यात मला आमच्या गॅरेजमधला माझा स्नोबोर्ड डोळ्यांपुढे आला. निळा, कोरा, भिंतीला टेकवून ठेवलेला. गेल्या रविवारी माझ्या नवऱ्याने, रसेलने, त्याच्यावर बूट अडकवायची बाइंडिंग बसवली होती. बोर्डाच्या पुढच्या टोकाला उजव्या पायाचं होतं आणि मागे डाव्याचं. उलटं. म्हातारा माझ्यापुढे हात पसरून उभा होता. ‘‘बाई, खायचा असेल तर खा, पण असा दाबू तरी नका,’’ तो म्हणाला. मी बघितलं तर जर्दाळूचा रस माझ्या मनगटावरून ओघळत होता.

स्नोबोर्डवर माणूस आडवा उभा राहतो, एक पाय पुढे, एक मागे. कुठला पुढे, हे ज्याचं त्याचं जन्मापासून ठरलेलं असतं, डावखुरेपणासारखं. ते ओळखायचा उपाय अगदी पोरकट आहे. माणसाला बेसावध उभं करायचं आणि मागून ढकलायचं. तोल सावरायला जो पाय पुढे जातो, तो त्याचा. ऑगस्टमध्ये रसेल मला पहिल्यांदा मेलबर्नजवळच्या डोंगरावर घेऊन गेला तेव्हा बोर्ड भाड्याने देणाऱ्या बाईने मला असंच ढकललं होतं. ‘‘डावा!’’ ती ओरडली आणि रसेल हसला. ‘‘माझ्यासारखाच की,’’ म्हणाला. पण हसू चेहऱ्यावर पोचायच्या आधी मध्ये काहीतरी झालं होतं. दुकानात गेल्यावर हवी ती वस्तू संपलीये असं कळावं, तसं काहीतरी. तेव्हा मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. गेल्या रविवारी तर मी त्याच्या शेजारीच उभी राहून एकेक स्क्रू त्याच्या हातात देत होते. माझा सगळा दिवस लॅबमध्ये खोटे दात बनवण्यात जातो. एकाच्या मापाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात बसत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तरी मला दिसलं नाही. त्याचं लक्ष स्क्रूंकडे होतं आणि माझं त्याच्याकडे.

उजवा पाय पुढे बेव्हचा होता. बेव्ह म्हणजे रसेलची आधीची बायको. ती मेलेली नाही. मेली असती तर मला सोपं गेलं असतं. हे सांगायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. मेलेल्या माणसाला निदान फुलं वाहून मोकळं होता येतं. बेव्ह थंडीला कंटाळून वर केर्न्सला जाऊन राहिली आहे, उन्हात, समुद्राकाठी, आणि मजेत आहे. दर नाताळला आम्हाला आंब्यांची पेटी पाठवते. आंबे गोड असतात. अशा बाईवर राग धरायचा तरी कसा? गॅरेजमध्ये त्या दोघांचा एक फोटो आहे, रंगाच्या डब्यांमागे, लपवलेला नाही आणि लावलेलाही नाही. त्यात दोघं जपानमधल्या नोझावाच्या उतारावरून शेजारी शेजारी खाली येतायत. रसेलचा डावा पाय पुढे, म्हणून त्याची छाती उजवीकडे. तिचा उजवा पुढे, म्हणून तिची डावीकडे. त्यामुळे एवढ्या वेगात खाली येतानाही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत आणि दात काढून हसतायत. एकच पाय पुढे टाकणाऱ्या दोघांना हे जमत नाही. शेजारी आले तरी एकाला दुसऱ्याची पाठच दिसते. मी आणि रसेल, दोघंही डावे. ट्रॅममधून उतरून घरी चालत जाताना हे गणित मी पहिल्यांदा नीट मांडलं, आणि उन्हातही मला आतून गार वाटलं.

सांगायचं ठरवूनच मी गॅरेजमध्ये शिरले. रसेल उघड्या अंगाने उभा होता. जुनी इस्त्री तापवून माझ्या बोर्डावर मेण ओतत होता. मेणाचा वास, तापलेल्या पत्र्याचा वास, त्याच्या घामाचा वास. ‘‘आलीस?’’ तो मान वर न करता म्हणाला. ‘‘हे गॅरेज आहे का भट्टी?’’ मी म्हटलं. ‘‘माणसं उन्हाळ्यात कपड्यांनाही इस्त्री करत नाहीत.’’ ‘‘मेण उन्हाळ्यातच छान मुरतं. हात फिरव बघू. फिरव गं, चावत नाही. कसा झालाय? सुसाट जाशील.’’ ‘‘आणि पडले म्हणजे?’’ ‘‘पडशीलच. पहिले दोन दिवस सगळेच आपटतात. मग एकदम जमतं.’’ ‘‘जमलं हे कळतं कसं?’’ त्याने इस्त्री उभी केली. विचार केला. रसेल शाळेत सुतारकाम शिकवतो आणि कुठल्याही प्रश्नावर आधी लाकडाकडे बघतो. तसाच बोर्डाकडे बघत म्हणाला, ‘‘समोरचा हसायला लागतो.’’ आणि तो स्वतःच हसला, एकट्याने, बोर्डाकडे बघून. माझ्या ओठांवर आलेलं वाक्य मी गिळलं. समोरचा. त्याला समोरचं माणूस हवं होतं. त्याला ते कळलंही नव्हतं, त्याच्या हातांनी परस्पर मागून घेतलं होतं.

रसेल समोर बघून बोलत नाही, हे आधी सांगायला हवं होतं. वाईट माणूस नाही. माझ्या आईच्या आजारपणात हॉस्पिटलच्या खेपा त्यानेच घातल्या, माझ्या बहिणीच्या घराचं छत त्यानेच दुरुस्त केलं. पण तो गाडी चालवताना बोलतो, भांडी घासताना बोलतो, खिळा तोंडात धरून बोलतो. लग्न करू या का, हेसुद्धा त्याने मला नळाखाली वाकून विचारलं होतं. मी ‘‘काय?’’ म्हणाले, तर तो म्हणाला, ‘‘पाना दे.’’ मग दोघंही हसलो आणि विषय तिथेच ठरून गेला. हसण्यासारखंच होतं ते. पण कधी कधी लॅबमध्ये मेणाच्या हिरड्यांत दात बसवताना मला वाटायचं, या अनोळखी तोंडांकडे मी जितका वेळ बघते तितका वेळ माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही. वय वाढलं की माणसाला कौतुक नको असतं, निदान मला नको होतं. मला फक्त त्याने हातातलं खाली ठेवून माझ्याकडे बघायला हवं होतं. आणि आम्ही जानेवारीत जाणार होतो त्या जपानच्या सहलीचा सगळा बेत मला त्यासाठीच आवडला होता. आमच्याकडच्या हिवाळ्याच्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर नोझावाचा नकाशा पसरायचा, उतारावरून बोट फिरवायचा. इथे दुपारी सावली येते, इथे बर्फ पिठासारखा, इथल्या खोपटात जपानी करी-भात मिळतो, या रस्त्याने उतरलो की थेट ओकासानच्या लॉजच्या दाराशी. तो नकाशाशी बोलायचा आणि मी त्याच्याशी. पण त्या बोटाच्या शेवटी कुठेतरी मी होते. निदान तसं मी धरून चालले होते.

तर मी काही सांगितलं नाही. जानेवारीच्या अखेरीस आम्ही त्या उलट्या बोर्डासह नोझावाला पोचलो. मेलबर्नमध्ये लोक समुद्रावर पडलेले होते आणि इथे बस मागे सरते न सरते तोच तिच्या चाकांच्या खुणा बुजत होत्या. बर्फ पडत होता म्हणावं तर पडताना दिसत नव्हता, नुसती हवाच पांढरी झालेली. गटारांवरच्या जाळ्यांतून वाफ येत होती, अंड्यांसारखा गंधकाचा वास येत होता. रसेल थांबला, डोळे मिटून त्याने तो वास छातीत भरून घेतला. ‘‘घर,’’ म्हणाला. ओकासान दारातच होती. ओकासान म्हणजे आई. रसेलपेक्षा फार मोठी नाही, पण लॉजवर वर्षानुवर्षं येणारे सगळेच तिला आई म्हणतात आणि तीही प्रत्येकाला पोटच्या पोरासारखं रागावते. ‘‘रसेल-सान, बारीक झालास! खात नाहीस!’’ मग माझ्याकडे वळून, जरा वाकून, ‘‘जॅनीन-सान. आलात. बरं झालं. ओले बूट खाली, वाळवणाच्या खोलीत. वर नाही, कुणीच नाही.’’ रसेल कितीतरी वर्षांत इतका मोठ्याने हसला नसेल. जेवायला लोणच्याची हिरवी पानं होती, मशरूमचं कढण, तळलेला मासा. खिडकीबाहेर छपरावरचा बर्फ धप्पकन खाली यायचा तेव्हा मी दचकायचे आणि ओकासान तोंडावर हात धरून हसायची. मी सुखात होते. हे लपवायचं काही कारण नाही. पायांची फसवणूक सोबत घेऊन आलेली असूनही मी लहान पोरीसारखी सुखात होते.

आणि मग मी पडायला लागले. उलट्या पायावर उभं राहणं म्हणजे डाव्या हाताने सही करण्यासारखं. सही होते, पण आपली वाटत नाही. मी कुल्ल्यावर पडले, गुडघ्यावर पडले, एकदा तर वर नेणाऱ्या टांगत्या खुर्च्यांच्या लिफ्टमधून उतरतानाच पडले आणि लिफ्टवाल्याने खुर्च्या थांबवून मला कुरिअरच्या खोक्यासारखं बाजूला ठेवलं. रसेल धीर सोडत नव्हता. ‘‘खांदा आत. खाली बघू नकोस गं, जिथे जायचंय तिथे बघ. पायाकडे बघणारा पडतो.’’ ‘‘पडणारा पायाकडेच बघणार ना!’’ ‘‘उठ, उठ. मस्त चाललंय.’’ ‘‘मस्त चाललंय म्हणे. उद्या माझ्या ढुंगणाचा फोटो काढून बहिणीला पाठवते, जपानचा नकाशा उठलाय त्याच्यावर.’’ तो हसायचा, हात देऊन उठवायचा. त्याला एकदाही दिसलं नाही. सुतारकाम शिकवणाऱ्या, केसभर फटीवरून मुलांना टेबल परत करायला लावणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही. प्रत्येक वेळी पडताना माझा डावा पाय मागून पुढे यायला धडपडायचा आणि पट्ट्यात अडकलेला असल्यामुळे नुसता तडफडायचा. मी त्याला दाबून ठेवायचे. मला तो फोटो हवा होता. फोटोतली माझी जागा हवी होती.

आणि एका दुपारी ते जमलं. आभाळ फाकलं होतं, समोरचे डोंगर निळे झाले होते, उतार रिकामा होता. मी निघाले आणि पडले नाही. वळले आणि पडले नाही. डावीकडे बघितलं तर रसेल माझ्या बाजूला होता, हाताच्या अंतरावर, माझ्याकडे तोंड करून. चष्मा कपाळावर चढवलेला, वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलेलं, आणि चेहऱ्यावर असं काही की तो मला अगदी तरुण वाटला. मी त्याचा असा चेहरा कधीच पाहिला नव्हता. नाकावरचा व्रण, वरच्या ओठाचा बाक, सगळं माझ्याकडे वळलेलं. मला वाटलं, आता उतार संपू नये, खाली गावच नसावं, असंच उतरत राहावं. तो ओरडला, ‘‘गुडघे, चिमणे, गुडघे!’’

मी गुडघे वाकवले. रसेलने मला कधी चिमणे म्हटलेलं नाही. तो मला जॅनीन म्हणतो, लाडात आला तर जॅन, चिडला तर बाईसाहेब. चिमणे कुणाला म्हणायचा हे विचारायची गरज नव्हती. मी खालपर्यंत नीट उतरले, पडले नाही, थांबल्यावर त्याने मला मिठी मारली, ‘‘बघितलंस? बघितलंस? सांगितलं होतं ना, एकदम जमतं!’’ आणि मी म्हटलं, ‘‘हो रे, जमलं.’’ तो काय बोलून गेला हे त्याला कळलंही नव्हतं. माझी मान त्याच्या ओल्या जाकिटात होती आणि मला वाटत होतं की आत्ता या मिठीतून मी हळूच सरकून बाजूला झाले तरी मिठी तशीच राहील.

संध्याकाळी गावाच्या सामायिक, गरम झऱ्याच्या न्हाणीघरात मी एकटीच गेले. तिथलं पाणी इतकं कढत असतं की पहिल्यांदा घोट्यापर्यंतच जाता येतं. गावातल्या दोन म्हाताऱ्या आत गळ्यापर्यंत बसल्या होत्या, माझी मांडी बघून एकीने जोरात श्वास ओढला. कंबरेपासून गुडघ्यापर्यंत मी काळीनिळी झाले होते. ‘‘स्नोबो?’’ तिने विचारलं. मी मान हलवली. ती दुसरीला काहीतरी म्हणाली आणि दोघी इतक्या हसल्या की पाणी हिंदकळलं. मग तिनेच उठून माझ्यासाठी गार पाण्याचा नळ सोडला. मी हळूहळू आत उतरले, आणि पाणी गळ्याशी आल्यावर मला रडू आलं. वाफेत ते कुणाला कळण्यासारखं नव्हतं. मला त्याचा चेहरा मिळाला होता, हवा होता तस्साच, आणि तो माझ्यासाठी नव्हता. आता मी काय करायचं? असंच उजवा पाय पुढे टाकून दर वर्षी यायचं आणि तो चेहरा उसना घ्यायचा? बायका याहून कमीवर जन्म काढतात. त्याला तरी कुठे काही चोरायचं होतं? त्याला उतरताना कुणीतरी समोर हवं होतं, मला कुणीतरी माझ्याकडे बघायला हवं होतं. ऐकायला एकच मागणं वाटतं. पण पाठीला पाठ लावून बसलेल्या माणसांसारखी आमची मागणी दोन दिशांना तोंडं करून बसली होती. म्हाताऱ्या निघून गेल्या. मी पाण्याखाली माझ्या डाव्या पायाकडे बघितलं. तो लाल झाला होता, थोडा सुजला होता. मला त्याची कीव आली. हे हास्यास्पद आहे, पण आली.

शेवटच्या दिवशी सकाळी, न्याहारीच्या आधी, मी वाळवणाच्या खोलीत गेले. खोलीत घासलेटची शेगडी धगधगत होती, भिंतीभर बूट उलटे टांगले होते, हातमोज्यांचा ओलसर कुबट वास होता. भिंतीवरच्या खुंटीला स्क्रूड्रायव्हर असतो. मी बोर्ड मांडीवर घेतला. एवढेसे स्क्रू मी रोज फिरवते, तरी पहिला स्क्रू सुटून खालच्या फळ्यांच्या फटीत घरंगळला आणि मी गुडघ्यांवर बसून त्याला शोधत होते तेव्हा ओकासान घासलेटचा डबा घेऊन आत आली. तिने माझ्याकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं. डबा खाली ठेवला. पदराला हात पुसावे तसे एप्रनला हात पुसून ती समोर उकिडवी बसली आणि बोर्ड हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरला. ‘‘रसेल-सानला माहीत आहे?’’ ‘‘नाही.’’ ‘‘हं.’’ मी बाइंडिंग काढली, अदलाबदल केली. थोड्या वेळाने ती शेगडीजवळच्या स्टुलाकडे हनुवटी करून म्हणाली, ‘‘बेव्ह-सान तिथे बसायच्या. शेवटी शेवटी. पूर्ण दिवस. विणायच्या. बर्फ नको, ओकासान, म्हणायच्या. बास झाला बर्फ.’’ ‘‘आणि रसेल?’’ ‘‘एकटा. वर जायचा, खाली यायचा. वर जायचा, खाली यायचा.’’ तिने हाताने दाखवलं. ‘‘खूप वर्षं.’’ मी स्क्रू पिळत राहिले. म्हणजे फोटोतला तो चेहरा बेव्हलासुद्धा कितीतरी वर्षं मिळाला नव्हता, किंवा तिला नको झाला होता. आणि हा बाबा रिकाम्या उताराकडे तोंड करून एकटा खाली येत राहिला होता. मला त्याच्याबद्दल इतकं वाटलं की क्षणभर स्क्रू परत उलटे फिरवावेत असं मनात आलं. ओकासानने बोर्ड दाबून धरलेला होता. ‘‘घट्ट करा,’’ ती म्हणाली. ‘‘चहा गार होतोय.’’

लिफ्टमध्ये बसताना पुढचा पाय बोर्डात अडकलेला ठेवायचा आणि मागचा मोकळा, अशी रीत आहे. खुर्चीने आम्हाला उचललं आणि आमच्या पायाखाली दोन बोर्ड लोंबायला लागले, दोन्ही डाव्या पायाला. रसेलने बघितलं. देवदारांच्या शेंड्यांवरून आम्ही बराच वेळ चाललो होतो, तेव्हा तो म्हणाला, ‘‘पाय बदललास.’’ ‘‘बदलला नाही. माझाच आहे.’’ त्याने मोकळ्या पायाने बोर्डावरचा बर्फ झटकला. ‘‘ऑगस्टमध्ये त्या बाईने ढकललं होतं मला, आठवतंय?’’ मी म्हटलं. मग त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. मी ते बाजूनेच बघत होते, कारण लिफ्टमध्येही माणसं समोर बघून बसतात. ‘‘मी बसवली ती,’’ तो म्हणाला. ‘‘मीच बसवली. जॅन, देवाशपथ, माझ्या ध्यानात...’’ ‘‘माहीत आहे रे.’’ ‘‘मग तू बोलली का नाहीस? इतकी आपटत होतीस!’’ ‘‘तू माझ्याकडे बघत होतास म्हणून.’’ मी हातमोजे ओढून घेतले. ‘‘पण तू मला बघत नव्हतास, रसेल. चिमणे म्हणालास.’’ उतरायची जागा आली होती. मी मोकळा पाय बोर्डावर टेकवला आणि खुर्चीतून उठले. पडले नाही. त्याच्यासाठी थांबलेही नाही.

सबंध दिवस मी एकटी उतरले. तो मागे कुठेतरी असायचा, लिफ्टमध्ये शेजारी बसायचा, ‘‘थंडी वाजतेय का?’’ विचारायचा आणि परत मागे पडायचा. माझा पाय तर वेडाच झाला होता. जिथे बघावं तिथे न्यायचा. खोपटातला करी-भात मी उभ्यानेच खाल्ला, इतकी मला परत वर जायची घाई होती. मला इतका आनंद झाला होता, आणि तो दाखवायला पुढे कुणी नव्हतं. शेवटच्या फेरीला नुसता निळसर उजेड राहिला होता. मी झाडांमधल्या लांब वाटेने सरळ खाली आले, एकदाही न थांबता. मागून कुणीतरी ओरडल्यासारखं वाटलं, वारा असेल म्हणून सोडून दिलं. खाली लिफ्टच्या खोलीपाशी बोर्ड काढून उभी राहिले. बंद व्हायच्या वेळी इथे कर्ण्यावर एक संथ धून लावतात, आता घरी जा म्हणून. ती सुरू झाली. माणसं येत गेली, पोरं, म्हातारे, पिवळ्या जाकिटातली शिकवणारी मंडळी. रसेल आला नाही. तीस वर्षं या डोंगरावर उतरणारा माणूस माझ्यामागे इतका कसा राहील? दुसऱ्या वाटेने थेट लॉजवर गेला असेल. स्टेशनवर सामान टाकून जातात तशी मला इथे सोडून. मग वाटलं, पडला असेल. मग वाटलं, यापेक्षा तो लॉजवर गेलेला बरा, नको मला त्याचं तोंड, फक्त तो धड असू दे. खुर्च्या थांबल्या. आणि वरच्या वळणावर एक माणूस दिसला, अगदी नवशिक्या, हात पसरलेला, कमरेत वाकलेला, दोन वाव यायचा आणि आपटायचा. उठायचा, परत आपटायचा. लिफ्टवाला माझ्या शेजारी येऊन काळजीने बघायला लागला. तो माणूस जवळ आला तेव्हा मी त्याचं जाकीट ओळखलं. त्याचा उजवा पाय पुढे होता.

तो माझ्यापाशी येऊन बसकण मारूनच थांबला. टोपीत बर्फ, कानात बर्फ, दाढीला लोंबणारा बर्फ. ‘‘काय झालं? लागलं का?’’ ‘‘नाही. हो. सगळीकडे.’’ ‘‘असा उलटा का आलास, वेड्या? पोरांचे चाळे म्हणतोस ना तू याला?’’ त्याला दम लागला होता. ‘‘दिवसभर तुझी पाठ बघतोय,’’ तो म्हणाला. ‘‘इतकं छान उतरतेस. म्हटलं, तोंड कसं झालं असेल तुझं. हाका मारल्या, तू थांबेनास. तू तर डावीच राहणार. मग म्हटलं, मीच फिरतो.’’ धून संपली होती, लिफ्टवाला दोरी बांधत होता. ‘‘आणि मी पोचलो तोवर तू खाली,’’ रसेल म्हणाला. ‘‘मला काही बघायलाच मिळालं नाही.’’ ते त्याने इतकं तक्रारीच्या सुरात म्हटलं की मला हसू फुटलं. मग मी त्याला हात देऊन उठवलं. ‘‘चल.’’ ‘‘कुठे? लिफ्ट बंद झाली.’’ ‘‘पाय आहेत ना?’’

ओकासानच्या लॉजमागे एक चढ आहे, गावातली पोरं तिथे घसरगाड्या खेळतात. बोर्ड खांद्यावर घेऊन आम्ही तो चालत चढलो. गुडघाभर बर्फ, दर पावलाला पाय रुतायचा. रसेल मागे शिव्या देत होता, मला, बर्फाला, जपानला. वरून लॉजची खिडकी पिवळी दिसत होती आणि आत ओकासान ताटं मांडत होती. आम्ही पट्टे आवळले. मी डावीकडे उभी राहिले, तो उजवीकडे. ‘‘मी पडणार,’’ तो म्हणाला. ‘‘पडशीलच,’’ मी म्हटलं. आणि आम्ही निघालो. त्याचा चेहरा माझ्या समोर होता, हाताच्या अंतरावर. त्या दुपारचा तरुण, हसरा चेहरा नव्हता. हा घाबरलेला होता, म्हातारा होता, नाक गळत होतं, खालचे वाकडे दात ओठावर रुतले होते. हा कुणाच्याच फोटोत नव्हता. तो खाली पायाकडे बघायला लागला. ‘‘पायाकडे बघू नकोस,’’ मी ओरडले, ‘‘माझ्याकडे बघ.’’ त्याने बघितलं, आणि पडेपर्यंत बघत राहिला.